विषाणूची अक्षरे आणि पेशीचे दार

पैनगंगेकाठच्या देऊळघाटाहून एक पत्र आले आहे. बंद पाकिटात आहे, आणि खाली सहीच्या जागी ‘एक श्रोता’ एवढेच लिहिले आहे. नाव का लिहिले नाही, हे पत्र वाचले की कळते. ते लिहितात, “आमच्या घरातला एक तरुण माणूस रोज रात्री एचआयव्हीची गोळी घेतो. गोळी सुरू होऊन वर्षे झाली. शेतात काम करतो, जेवतो-खातो, ठीक आहे. पण जर्मनीत एका माणसाच्या हाडातला मगज बदलला आणि हा रोग मुळासकट गेला, असे वाचण्यात आले. तीन एकर वावर विकले तर तेवढा खर्च भागेल काय? आणि भागला तर गुण येईलच, हे आधी कोणी सांगू शकते काय?”

वाचक हो, या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला पैशाचा आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो. दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. ‘आधी सांगता येते काय?’ विषाणू पेशीत कोणत्या वाटेने शिरणार, हे त्याच्या अंगावरची अक्षरे वाचून आधीच ओळखता येते का, हाच तो प्रश्न. गेली तीस-पस्तीस वर्षे जगातल्या काही प्रयोगशाळा, आणि त्यांत आपल्या पुण्याचीही एक, याच प्रश्नावर खपत आल्या आहेत. उत्तर ‘बरेचसे येते, पण सर्वस्वी नाही’ असे आहे. ते ‘बरेचसे’ म्हणजे किती आणि ‘नाही’ म्हणजे कोठे, हे आज पाहू.

आपल्या वऱ्हाडात जुन्या गढ्या पुष्कळ आहेत. त्यांचे दार आठवा. बाहेर लोखंडी कडी, आणि आतल्या बाजूने आडवी घातलेली लाकडी आगळ. बाहेरच्याने कडी कितीही धरली तरी आगळ सरकल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचे दार एचआयव्हीच्या दृष्टीने असेच आहे. पेशीच्या पटलावर सीडी-४ नावाचे एक प्रथिन असते. ती कडी समजा. विषाणू प्रथम ही कडी धरतो. पण तेवढ्याने त्याला आत जाता येत नाही. शेजारीच आणखी एक प्रथिन असते, ती आगळ. ही आगळ दोन प्रकारची असते. एकीचे नाव सीसीआर-५, दुसरीचे सीएक्ससीआर-४. नावे रुक्ष आहेत, त्याला इलाज नाही. आपण त्यांना ‘पाच नंबरची आगळ’ आणि ‘चार नंबरची आगळ’ म्हणू या.

ही प्रथिने देहाने विषाणूच्या सोयीसाठी ठेवलेली नाहीत, बरे का. सूज कोठे आली आहे, पेशीने कोठे धावून जायचे, हे निरोप घेण्यासाठी ती आहेत. विषाणू त्या निरोप घेण्याच्या जागेचा चोरवाट म्हणून उपयोग करतो, इतकेच.

कडी आधी सापडली, आगळ फार उशिरा. सीडी-४ ही विषाणूची कडी आहे हे १९८४ साली कळले. मग संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. उंदराच्या पेशीवर माणसाचे सीडी-४ बसवले आणि तिच्यावर विषाणू सोडला. विषाणू चिकटला, पण आत शिरेना. म्हणजे माणसाच्या पेशीत आणखी काहीतरी आहे आणि उंदराच्या पेशीत ते नाही, हे उघड झाले. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे समजायला पुढे बारा वर्षे गेली. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एडवर्ड बर्गर यांच्या चमूने माणसाच्या पेशीतील जनुके उंदराच्या पेशींत घालून पाहिली. कोणत्या जनुकामुळे दार उघडते ते शोधता शोधता त्यांना चार नंबरची आगळ सापडली. त्यानंतर काही आठवड्यांच्या आत निरनिराळ्या पाच चमूंनी पाच नंबरची आगळ जाहीर केली. बारा वर्षे बंद राहिलेले कोडे एका उन्हाळ्यात सुटले.

आता विषाणूच्या बाजूने पाहू. त्याच्या अंगावर जीपी-१२० नावाच्या प्रथिनाचे खुंट असतात. खुंटाने कडी धरली की त्याचा आकार बदलतो आणि आत दडलेले एक बोट बाहेर येते. हे बोट म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा एक फास आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘व्ही-३ फास’ म्हणतात. हे बोट ज्या आगळीच्या खाचेत बसेल ती आगळ सरकते. मग जीपी-४१ नावाचा दुसरा भाग पेशीच्या पटलात आकड्यासारखा रुततो, दोन्ही पटले जवळ ओढतो, आणि विषाणूच्या पोटातला ऐवज पेशीत उतरतो. तेव्हा सगळा खेळ त्या बोटाच्या ठेवणीचा आहे. बोट कसे आहे हे कळले तर ते कोणत्या खाचेत बसेल, याचा अदमास बांधता येतो.

एचआयव्हीची सगळी पोथी साधारण ९,७०० अक्षरांची. माणसाची तीनशे कोटींच्या वर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा शत्रू किती थोडक्या शब्दांत बोलतो ते कळते. लिपीत अक्षरे फक्त चार: ए, सी, जी आणि टी. (विषाणूच्या मूळ पोथीत ‘टी’च्या जागी ‘यू’ असते, प्रयोगशाळेत तिची नक्कल करून वाचतात तेव्हा ‘टी’ येते.) तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. व्ही-३ फासात ३५ अमिनो आम्ले असतात; म्हणजे १०५ अक्षरे. ९,७०० अक्षरांतून ही १०५ अक्षरे वाचली की बोट हाती आले.

भारतात सर्वाधिक आढळणारा एचआयव्हीचा प्रकार ‘सी’ हा आहे. युरोप-अमेरिकेत ‘बी’ अधिक. ‘सी’ प्रकारात सामान्यतः जो फास दिसतो त्यातली आम्ले क्रमाने देतो. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी ही कागदाच्या पट्टीवर ३५ चौकोन आखून लिहून घ्यावीत. सिस्टीन, थ्रिओनीन, आर्जिनीन, प्रोलीन, मग अ‍ॅस्परजीन तीन वेळा, थ्रिओनीन, आर्जिनीन, लायसीन, सेरीन, आयसोल्युसीन, आर्जिनीन, आयसोल्युसीन, ग्लायसीन, प्रोलीन, ग्लायसीन, ग्लुटामीन, थ्रिओनीन, फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसीन, अ‍ॅलनीन, थ्रिओनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आयसोल्युसीन दोन वेळा, ग्लायसीन, पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आयसोल्युसीन, आर्जिनीन, ग्लुटामीन, अ‍ॅलनीन, हिस्टिडीन आणि शेवटी पुन्हा सिस्टीन. पहिले आणि शेवटचे सिस्टीन एकमेकांना गंधकाच्या गाठीने बांधलेले असतात, म्हणून तर तो फास होतो.

नावे पाठ करायची गरज नाही. आता एवढेच करा. आर्जिनीन आणि लायसीन यांवर धन विद्युतभार असतो; ते चौकोन तांबडे रंगवा. अ‍ॅस्पार्टिक आम्लावर ऋण भार असतो. ते निळे रंगवा. (हिस्टिडीनचा भार देहाच्या स्थितीत जवळजवळ शून्य, तेव्हा ते कोरे ठेवा.) तांबडे चौकोन कोठे येतात? तिसऱ्या, नवव्या, दहाव्या, तेराव्या आणि एकतिसाव्या जागी: पाच. निळे पंचविसाव्या आणि एकोणतिसाव्या जागी: दोन. पाचातून दोन गेले, उरले धन तीन. या फासाचा एकूण भार झाला धन तीन. असा विषाणू बहुधा पाच नंबरची आगळ वापरतो.

चार नंबरच्या आगळीची बाहेरची बाजू पाच नंबरपेक्षा अधिक ऋणभारित असते. ऋण आणि धन यांची ओढ असते, हे आठवीतले पोरही सांगेल. तेव्हा बोटावरचा धन भार जसजसा वाढेल तसतसे ते चार नंबरच्या खाचेकडे झुकेल. आता पट्टीवर अकरावी जागा पाहा. तेथे सेरीन आहे, भार शून्य. सेरीनसाठी एक शब्द ए-जी-टी असा आहे. यातले शेवटचे अक्षर बदलून ए-जी-ए झाले की तो शब्द आर्जिनीनचा होतो. एका अक्षराची चूक, आणि कोरा चौकोन तांबडा झाला, बेरीज चारवर गेली. पंचविसाव्या जागेचा निळा चौकोन तांबडा झाला, म्हणजे तेथे लायसीन आले, तर एकदम दोनचा फरक पडतो. बेरीज पाच होते. दोन्ही बदल झाले तर सहा. बेरीज पाच-सहावर चढली की विषाणूने वाट बदलली असा संशय घ्यावा.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अकराव्या आणि पंचविसाव्या जागांचा हा नियम १९९२ सालचा आहे, म्हणजे आगळी सापडण्याच्या चार वर्षे आधीचा! हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम येथे रॉन फौशिए आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या रुग्णांचे विषाणू काचेच्या बशीत पेशींवर वाढवून पाहत होते. काही विषाणू पेशींना एकमेकींत मिसळवून त्यांचे मोठाले गोळे करीत. काही करीत नसत. गोळे करणारे विषाणू ज्यांच्या अंगात, त्यांच्या पांढऱ्या पेशी लवकर घटत. दोन्ही जातींचे फास शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दिसले की गोळे करणाऱ्यांत अकराव्या किंवा पंचविसाव्या जागी धन भार असतो. का असतो, ते तेव्हा सांगता येत नव्हते. गोळे करणारे ते चार नंबरवाले, हे १९९६ नंतर उमगले. कारण ठाऊक नसताना खूण सापडावी, हे शास्त्रात आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळदा घडते. शेतकऱ्याला पावसाच्या खुणा हवामानखात्याच्या आधीपासून ठाऊक होत्या, तसेच हे.

नियम छान आहे. पण पुरा नाही. तो ‘चार नंबर’ म्हणाला तर बहुधा खरे निघते. पण ‘पाच नंबर’ म्हणाला तर निर्धास्त होता येत नाही, कारण अकरा आणि पंचवीस दोन्ही जागा साळसूद ठेवून इतरत्र बदल करणारे विषाणूही असतात. सहाव्या ते आठव्या जागेवर साखरेचा एक झुपका लटकत असतो. तो गळाला तरी बोट मोकळे होऊन वाट बदलू शकते. ‘सी’ प्रकारात तर कधी कधी तेराव्या-चौदाव्या जागेच्या मध्ये दोन आम्ले नव्यानेच घुसलेली आढळतात. मग मोजणीच चुकते.

म्हणून पुढे गुणांचा तक्ता आला. बैलबाजारात पारखी माणूस बैल कसा घेतो? नुसती शिंगे पाहत नाही. दात पाहतो, खांदा पाहतो, खूर, चाल, कातडी. प्रत्येकाला मनात काही गुण देतो आणि बेरजेवर सौदा करतो. तसेच शास्त्रज्ञांनी केले. ज्यांची वाट प्रयोगाने पक्की ठाऊक आहे अशा शेकडो विषाणूंचे फास गोळा केले. प्रत्येक जागी कोणते आम्ल पाच नंबरवाल्यांत किती वेळा आणि चार नंबरवाल्यांत किती वेळा येते, ते मोजले आणि त्यावरून जागोजागचे गुण ठरवले. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे २००३ साली असा तक्ता प्रसिद्ध झाला. जर्मनीत सारब्रुकेन येथील माक्स प्लांक संस्थेत थॉमस लेंगाउअर यांच्या गटाने संगणकालाच ही पारख शिकवली. नवा फास दिला की संगणक एक टक्केवारी सांगतो. तिचा अर्थ असा: या विषाणूला ‘चार नंबरवाला’ म्हटले, तर आपण एखाद्या बिचाऱ्या पाच नंबरवाल्यावर उगीच आळ घेण्याचा धोका किती. टक्केवारी लहान असेल तर संशय बळकट. कोठे रेघ ओढायची ते मात्र संगणक ठरवीत नाही, माणूस ठरवतो. युरोपात पुष्कळ ठिकाणी ती दहा टक्क्यांवर ओढली गेली.

पण पारख्याचे डोळे ज्या बाजारात तयार झाले त्या बाजाराचेच असतात. सगळा जन्म खिल्लार बैल पाहण्यात गेलेल्या माणसाला आमच्याकडचा गवळाऊ दाखवा. तो चार गोष्टी बरोबर सांगेल आणि दोन चुकेल. हे तक्ते मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या विषाणूंवर तयार झाले. आपल्याकडचा विषाणू ‘सी’. तेव्हा परक्याने केलेला तक्ता आपल्या माणसाच्या रक्ताला लावताना आधी तो आपल्या मालावर घासून पाहिला पाहिजे. ‘सी’ प्रकारासाठी वेगळा तक्ता पुढे २००६ च्या सुमारास केला गेला, तो याच कारणाने.

येथेच पुण्याचा संबंध येतो. भारतात एचआयव्हीची लागण प्रथम उघडकीस आली ती १९८६ साली, मद्रासेत. १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. (ही संस्था आता नव्या, बऱ्याच लांब नावाने ओळखली जाते.) तेथील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर, १९९३ ते १९९५ या वर्षांत नव्याने लागण झालेल्या रुग्णांकडून मिळालेल्या सहा विषाणूंची जवळजवळ संपूर्ण पोथी वाचली आणि १९९९ साली प्रसिद्ध केली. सहांपैकी पाच निखळ ‘सी’ निघाले. सहावा ‘ए’ आणि ‘सी’ यांची सरमिसळ होता. दोन पोथ्यांची पाने एकाच बस्त्यात बांधली जावीत तसा. कविता लोळे, रमेश परांजपे, दीपक गाडकरी ही त्या निबंधातली काही नावे. आपल्या विषाणूची अक्षरे आपल्याच गावात वाचली गेली, हे मला तरी फार महत्त्वाचे वाटते.

पुढच्याच वर्षी, २००० साली, पुण्यातूनच दुसरा निबंध आला. डी. सिसिलिया, स्मिता कुलकर्णी, श्रीकांत त्रिपाठी, रमण गंगाखेडकर, परांजपे आणि गाडकरी यांचा. युरोपात असे दिसले होते की रोग पुढे सरकला की पुष्कळ रुग्णांत विषाणू पाच नंबर सोडून चार नंबरकडे वळतो. पुण्याच्या रुग्णांत तसे वळण दिसले नाही. रोग बळावलेल्यांतही विषाणू पाच नंबरच्याच वाटेने जात होता. म्हणजे ‘वाट बदलली म्हणून रोग बळावतो’ हे सरसकट खरे नव्हे. पाच नंबरवालाही माणसाला तितकाच लोळवू शकतो. पुढच्या वर्षांत भारतात चार नंबर वापरणारे थोडे विषाणू सापडले, आणि दक्षिण आफ्रिकेत तर ‘सी’ प्रकारातही अशा विषाणूंचे प्रमाण नंतर वाढलेले आढळले. तरी सर्वसाधारणपणे आपल्याकडचा विषाणू पाच नंबरचा, हे विधान टिकून आहे.

असे का असावे? एक मौजेची गोष्ट दाखवतो. कारण म्हणून नव्हे, नुसती पट्टीवर पाहण्यासारखी म्हणून. ‘बी’ प्रकारात पंचविसाव्या जागी बहुधा ग्लुटामिक आम्ल असते. त्याचा शब्द जी-ए-ए. तो ए-ए-ए झाला की लायसीन. एकाच अक्षराचे काम. ‘सी’ प्रकारात त्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल, शब्द जी-ए-टी किंवा जी-ए-सी. तेथून लायसीनला जायला दोन अक्षरे बदलावी लागतात. शेजारच्या गावाला जायला एकाला एक ओढा ओलांडावा लागतो, दुसऱ्याला दोन. नक्कल करताना विषाणू चुका तर सारख्याच करतो. साधारण तीन नकलांत एखादी चूक होते, आणि उपचार न घेतलेल्या माणसाच्या देहात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. तेव्हा दोन ओढे म्हणजे काही अशक्य नव्हे. पण एकापेक्षा दोन अवघड, एवढे खरे.

आता पत्रातल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. हे सगळे ओळखून उपयोग काय?

पहिला उपयोग औषधाचा. २००७ साली अमेरिकेत माराव्हिरॉक नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते विषाणूला हात लावीत नाही; आपल्याच पेशीच्या पाच नंबरच्या आगळीवर जाऊन बसते, मग विषाणूच्या बोटाला खाच सापडत नाही. पण विषाणू चार नंबरवाला असेल तर या औषधाचा काही उपयोग नाही. नुसता फुकट जातो असेही नव्हे. अंगात थोडेसे चार नंबरवाले असतील तर पाच नंबरवाल्यांची गर्दी हटल्याने त्यांना रान मोकळे मिळते. म्हणून हे औषध देण्यापूर्वी वाट ओळखणे भागच आहे. आपल्या सरकारी केंद्रांत जी गोळी मिळते तिचे काम निराळ्या ठिकाणी चालते, म्हणून तिच्यासाठी ही तपासणी लागत नाही.

दुसरा उपयोग मगज बदलण्याचा. उत्तर युरोपातल्या लोकांत शंभरात सुमारे एक जण असा असतो की त्याच्या जनुकातली ३२ अक्षरे आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून गळालेली असतात, आणि त्यामुळे त्याच्या पेशीवर पाच नंबरची आगळ नसतेच. आपल्याकडे अशी माणसे अगदीच विरळा. टिमोथी रे ब्राउन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ बर्लिनमध्ये राहत. त्यांना एचआयव्ही होता आणि वर रक्ताचा कर्करोग झाला. डॉ. गेरो ह्यूटर यांनी २००७ साली, आणि रोग उलटल्यावर २००८ साली पुन्हा, अशा आगळ नसलेल्या दात्याचा मगज त्यांना दिला. एचआयव्ही पुन्हा दिसला नाही. ब्राउन २०२० साली वारले ते कर्करोग उलटल्याने. पत्रलेखकांनी वाचले ते हेच.

पण जर्मनीतलीच दुसरी हकिकत वर्तमानपत्रांत इतकी गाजली नाही. एसेन शहरातला एक २७ वर्षांचा तरुण. त्यालाही कर्करोग, त्यालाही तसाच आगळ नसलेला मगज दिला. एचआयव्हीची औषधे थांबवली होती. तीन आठवड्यांत विषाणू परत आला, आणि तो चार नंबरचा होता! पाच नंबरचे दार काढून टाकले, पण चार नंबरचे उघडे होते ना. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. तो तरुण पुढे कर्करोगानेच दगावला. नंतर त्याचे जुने नमुने बारकाईने वाचले, तेव्हा कळले की तो चार नंबरवाला नवा आलेला नव्हता. मगज बदलण्यापूर्वीही थोड्या संख्येने अंगात होताच.

मग आधी का दिसला नाही? शिक्षकमंडळींना हे चटकन समजेल. वर्गात चाळीस मुले एका सुरात पाढा म्हणत आहेत. त्यांतली चार मुले चुकीचा आकडा म्हणत असली तर दाराशी उभ्या असलेल्या तपासणीस साहेबांना ऐकू येते काय? नाही. आठ-दहा मुले चुकू लागली तर मात्र सूर बिघडलेला कळतो. अक्षरे वाचण्याची जुनी रीत अशीच आहे. ती सगळ्या विषाणूंचा एकत्र सूर ऐकते, आणि शेकडा पंधरा-वीसपेक्षा कमी असलेले विषाणू तिला ऐकू येत नाहीत. नव्या यंत्रांना एकेका मुलाला उभे करून पाढा म्हणवून घेता येतो. पण रक्ताच्या चमच्यात जे विषाणू आलेच नाहीत, आतड्यात किंवा गाठीत दडून बसले, त्यांना कोण उभे करणार?

म्हणून पत्रलेखकांच्या ‘आधी सांगता येते काय’ याला उत्तर असे: येते, नव्या रीतीने तपासल्यास बऱ्याच खात्रीने येते, पण मगज बदलण्यासारख्या जिवावरच्या कामात ‘बऱ्याच खात्रीने’ हे शब्द अपुरे पडतात. आणि जिवावरचे काम मी सहज म्हणत नाही. दुसऱ्याचा मगज घालण्यापूर्वी स्वतःचा औषधांनी मारावा लागतो. त्यात माणसे दगावतात. जगात या उपायाने जे थोडके लोक एचआयव्हीतून सुटले, दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावेत इतके, ते सगळे रक्ताच्या कर्करोगाचे रोगी होते. त्यांना मगज बदलल्यावाचून गत्यंतरच नव्हते. एचआयव्ही गेला तो त्यासोबत. ज्याला कर्करोग नाही, जो शेतात काम करतो, जेवतो-खातो, त्याचा मगज कोणताही शहाणा डॉक्टर बदलणार नाही. तीन एकर विका किंवा तीस, हा सौदा बाजारातच नाही. वावर विकू नये.

घरातला तरुण रोज रात्री घेतो ती गोळी सरकारी एआरटी केंद्रातून विनामूल्य मिळते. १ एप्रिल २००४ पासून देशात ही सोय सुरू झाली. आज बहुतेकांना दिली जाते त्या एका गोळीत तीन औषधे आहेत: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. दार कोणतेही असो, विषाणू आत शिरल्यावर जी दोन कामे करतो, स्वतःच्या पोथीची नक्कल आणि ती नक्कल पेशीच्या पोथीत शिवणे, ती दोन्ही ही औषधे रोखतात. त्यामुळे पाच नंबर की चार नंबर हा प्रश्न या गोळीपुढे उरत नाही. तिची अट एकच, खाडा न करणे. नकला कमी तर चुका कमी. चुका कमी तर नवी वाट सापडण्याची संधी कमी. पेरणीची घाई असो की घरचे लग्न, सैलानीची यात्रा असो की शेगावची वारी, गोळी त्या त्या वेळी गेलीच पाहिजे.

नाव न लिहिण्याबद्दलही दोन शब्द. लोकांना कळू नये म्हणून पुष्कळ जण केंद्रावर जायला कचरतात. २०१७ साली केंद्र सरकारने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा केला. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरीवरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, दवाखान्यात परत पाठवणे, हे त्याने बेकायदा ठरवले आहे, आणि रोग्याच्या परवानगीवाचून त्याची स्थिती उघड करण्यासही मनाई आहे. शाळांचे मुख्याध्यापक हे वाचत असतील, त्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. काही विचारायचे असेल तर १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि तेथे नाव सांगावे लागत नाही.

आणि पत्रलेखकांसाठी एक काम. आपल्या घरातल्या तरुणाची ‘व्हायरल लोड’ तपासणी, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणू किती आहेत याची मोजणी, शेवटची केव्हा झाली आणि आकडा किती आला, हे त्याच्या कार्डावर किंवा केंद्राच्या वहीत पाहा. ही तपासणीही विनामूल्य आहे. आकडा यंत्राला सापडू नये इतका खाली गेला असेल आणि तसाच टिकत असेल, तर त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता मोठ्या अभ्यासांतून पक्के झाले आहे. त्याच्या लग्नाचा विचार घरात चालू असेल तर तो बोलण्यासारखा विषय आहे. मुलीला सगळे आधी सांगून, आणि केंद्रातल्या समुपदेशकाला सोबत घेऊन. तपासणीला वर्ष उलटून गेले असेल तर पुढच्या खेपेला गोळ्या आणायला जाल तेव्हा मागून घ्या. आकडा पुढच्या पत्रात कळवलात तर बरे होईल. सही या वेळीही नसली तरी चालेल.